नवीन झाड घेताय? फूल नंतर बघा, आधी त्याचा सगळ्यात अवघड महिना विचारा

मोबाइलवर एक व्हिडिओ येतो. छोट्याशा बाल्कनीत कधी न पाहिलेलं झाड फुलांनी लगडलेलं असतं आणि खाली लिहिलेलं असतं, "एकदा लावा, वर्षानुवर्षं फुलं घ्या." पुढच्या रविवारी आपण नर्सरीत जातो आणि तेच झाड, किंवा त्याच्यासारखं दिसणारं काहीतरी, घेऊन येतो. पंधरा दिवस घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी बाल्कनीत डोकावतो. मग फुलं संपतात, पानं पिवळी पडतात आणि मे महिन्यात एके दिवशी कुंडीत नुसती काडी उरते.

"माझ्या हाताला झाडं लागतच नाहीत," असं म्हणून आपण विषय संपवतो. पण बहुतेक वेळा दोष हाताचा नसतो, निवडीचा असतो. आपण झाड निवडतो ते त्याच्या सगळ्यात चांगल्या दिवशी, म्हणजे ते फुललेलं असताना. त्याला आपल्याकडे काढायचं असतं मात्र पूर्ण वर्ष. त्यात चार महिन्यांचा पाऊस असतो आणि तीन महिन्यांचं भाजणारं ऊनही असतं.

म्हणून नवीन आणि वेगळं झाड निवडताना एक साधा नियम लक्षात ठेवा. त्या झाडाचा आपल्या घरातला सगळ्यात अवघड महिना कोणता, आणि तो महिना ते कसा काढणार, हे आधी विचारा. याचं उत्तर मिळालं तर झाड टिकतं. हे उत्तर शोधायचं कसं, कोणत्या झाडांपासून सावध राहायचं आणि वेगळी म्हणून कोणती झाडं लावता येतील, ते आता पाहू.

बहुवार्षिक म्हणजे वर्षभर फुलणारं नव्हे

सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. नर्सरीत "बारमाही आहे" असं सांगतात तेव्हा त्याचा अर्थ बहुधा "बाराही महिने थोडीफार फुलं येतात" असा असतो. बहुवार्षिक हा शब्द वेगळा आहे. जे झाड एका हंगामात बी धरून मरत नाही, अनेक वर्षं जगतं, ते बहुवार्षिक. झेंडू हंगामी आहे, फुलून बी धरलं की त्याचं आयुष्य संपतं. गोकर्ण, अबोली, कोरांटी, निशिगंध ही बहुवार्षिक.

बहुवार्षिक झाडांतही दोन तऱ्हा आहेत. काही वर्षभर हिरवी दिसतात. जास्वंद आणि मोगरा त्यातले. काही मात्र वर्षातले चार ते सहा महिने जमिनीखाली झोपतात. वरची पानं वाळून जातात, पण कंद किंवा मुळं जिवंत असतात. योग्य वेळ आली की पुन्हा कोंब येतो. आपली घरची हळद हे याचं ओळखीचं उदाहरण.

झोपणारी झाडं कुंडीत लावली की एक अपघात हमखास होतो. पानं वाळली म्हणजे झाड मेलं, असं समजून घरातलं कोणीतरी कुंडी रिकामी करतं आणि त्यात कोथिंबीर पेरतं. दुसरा अपघात याहून जास्त होतो. झोपलेल्या कंदाला दया येऊन रोज पाणी घातलं जातं आणि तो कुजतो. म्हणून असं झाड लावलं की कुंडीवर त्याचं नाव आणि "झोपलंय, फेकू नका, पाणी घालू नका" अशी चिठ्ठी चिकटवा.

बहुवार्षिक झाडांतलं एक टोकाचं उदाहरण सह्याद्रीत आहे. कारवी अनेक वर्षं नुसती वाढते, साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. डोंगरउतारावर ते दृश्य पाहण्यासारखं असतं. पण बाल्कनीतल्या एका कुंडीसाठी ती सोयीची नाही. आयुष्य किती वर्षांचं आणि त्यात फुलं किती वेळा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. घेताना दोन्ही विचारा.

तुमच्याकडचा अवघड महिना कोणता?

परदेशी व्हिडिओंमध्ये "झोन ५", "झोन ७" असे आकडे ऐकू येतात. तिकडे झाडाची खरी परीक्षा हिवाळ्यात होते. किती थंडी पडल्यावरही झाड जिवंत राहील, हे तो आकडा सांगतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बर्फ पडत नाही, त्यामुळे त्या आकड्याचा आपल्याला फारसा उपयोग नाही. आपल्या परीक्षा वेगळ्या आहेत.

कोकणात दोन-तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. तिथे जुलै हा अवघड महिना. मुळं पाण्यात राहतात, पानांवर बुरशी येते आणि दिवसेंदिवस ऊन दिसत नाही. पुण्यासारख्या ठिकाणी पाऊस सात-आठशे मिलिमीटरच्या आसपास असतो, पण एप्रिल-मे कोरडे आणि कडक. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो. तिथे सावलीतली झाडंसुद्धा होरपळतात. मराठवाड्यात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण असते, मग रोज दोन वेळा पाणी मागणारं झाड घेऊन करायचं काय?

गावापेक्षाही घराची जागा जास्त महत्त्वाची. पश्चिमेची बाल्कनी दुपारी दोन ते सहा तापते आणि मागची भिंत रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते. पूर्वेच्या बाल्कनीत सकाळचं कोवळं ऊन येतं आणि दुपारी सावली असते. उत्तरेकडे थेट ऊन कमीच. गच्चीवर ऊन भरपूर असलं तरी वारा माती वाळवून टाकतो. त्यामुळे एकाच इमारतीतल्या दोन घरांत एकच झाड वेगवेगळं वागतं.

झाड घेण्याआधी एक काम करा. सकाळी नऊ, दुपारी एक आणि संध्याकाळी चार, अशा तीन वेळी झाड ठेवायच्या जागी ऊन आहे की नाही ते लिहून ठेवा. शक्य असेल तर हिवाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा. सूर्याची दिशा बदलते, तशी सावलीही सरकते. ही चार ओळींची नोंद हातात असेल तर नर्सरीतला निम्मा मोह आपोआप गळून पडतो.

व्हिडिओत फुलतं, आपल्याकडे का नाही?

ट्यूलिपचं उदाहरण घ्या. कंद ऑनलाइन मिळतात, फोटो सुंदर असतात आणि झाड बहुवार्षिकच आहे. पण ट्यूलिपच्या कंदाला पुन्हा फुलण्यासाठी साधारण १२ ते १६ आठवडे थंडी लागते. श्रीनगरच्या ट्यूलिप बागेत ती निसर्गातच मिळते. पुण्या-मुंबईत कंद फ्रीजमध्ये ठेवून एकदा फूल आणता येतं, पण पुढच्या वर्षी तोच कंद पुन्हा तसाच फुलेल ही आशा ठेवू नका. आपल्यासाठी तो प्रत्यक्षात हंगामी पाहुणा आहे. हे माहीत असून हौसेनं लावला तर काहीच हरकत नाही.

लॅव्हेंडरचं उलटं आहे. ते भूमध्य समुद्राच्या परिसरातलं. तिकडे उन्हाळा कोरडा असतो. आपल्याकडे पावसाळ्याच्या चार महिन्यांत, विशेषतः कोकण किनाऱ्यावर, दमट हवेनं आणि ओल्या मातीनं ते कुजतं. थंडीत आणलेलं लॅव्हेंडर फेब्रुवारीत छान दिसतं. जुलैमध्ये काय होईल, हे मात्र फोटोत दिसत नाही.

आणि "निळ्या गुलाबाचं बी"? ही तर सरळ फसवणूक समजा. गुलाबात निळ्या रंगाला लागणारं रंगद्रव्य मुळात तयारच होत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीनं पॅन्सी या फुलातलं जनुक गुलाबात घालून एक जात तयार केली आणि २००९ मध्ये जपानमध्ये तिची फुलं विकायला आणली. तीही गडद निळी नाही, जांभळट आहे. शिवाय गुलाबाची खास जात बियांपासून तशीच्या तशी उतरत नाही, ती कलमानं वाढवतात. त्यामुळे पाकिटात निळे, काळे किंवा सप्तरंगी गुलाब दिसले तर पैसे खिशातच राहू द्या.

"नवीन" या शब्दाचे तीन अर्थ

नर्सरीवाला "नवीन आलंय" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ तीनपैकी एक असतो.

पहिला अर्थ, झाड दुसऱ्या देशातून आलेलं आहे. यात मुळात वाईट काही नाही. आपला देवचाफा मध्य अमेरिकेकडचा, बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली आणि निशिगंध मेक्सिकोचा. एकेकाळी ही सगळी नवीनच होती.

दुसरा अर्थ, ओळखीच्याच झाडाची नवी जात आहे. दुहेरी पाकळ्यांची, बुटकी किंवा पांढऱ्या-हिरव्या पानांची. यातल्या ठिपकेदार, पट्टेरी पानांच्या झाडांबद्दल एक गोष्ट माहीत हवी. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणून तो भाग अन्न तयार करत नाही. अशी झाडं हळू वाढतात आणि कडक उन्हात लवकर करपतात. कधी त्यांना पूर्ण हिरवी फांदी फुटते. ती जोमदार असते आणि बाकीच्या झाडाला मागे टाकते. पट्टे टिकवायचे असतील तर ती फांदी दिसताच मुळाशी कापा.

तिसरा अर्थ फार कमी नर्सऱ्यांत ऐकू येतो. झाड इथलंच असतं, पण आपण ते बागेत आणायचं विसरलेलो असतो. आपल्या पावसाची आणि उन्हाळ्याची त्याला पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे, त्यामुळे अवघड महिना कसा काढायचा हे त्याला शिकवावं लागत नाही. शेजारच्या दहा घरांत नसलेलं झाड हवं असेल तर ते अनेकदा इथेच सापडतं.

बागेचं कुंपण ओलांडणारी झाडं

झाड जगत नाही हा एक धोका. ते फारच चांगलं जगतं, हा दुसरा. आणि दुसऱ्याची किंमत फक्त आपल्याला मोजावी लागत नाही.

घाणेरी किंवा टणटणी सगळ्यांनी पाहिलेली असते. रंगीबेरंगी फुलांची ही अमेरिकेतली वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिशांनी शोभेसाठी भारतात आणली. पक्ष्यांनी फळं खाल्ली, बी पसरलं आणि आज देशभरातली जंगलं तिनं भरली आहेत. तिची पानं गुरांना विषारी असतात आणि तिच्या जाळीत गवत वाढत नाही. जलपर्णीची गोष्टही तशीच. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती जांभळ्या फुलांच्या हौसेपोटी बंगालमध्ये आली. आज पंचगंगा आणि मुळा-मुठेच्या पात्रांतून ती काढण्यासाठी दरवर्षी खटपट करावी लागते.

नर्सरीत आजही मिळणारी अशी झाडं आहेत. जमिनीवर पसरणारी, पिवळ्या फुलांची वेडेलिया ही त्यातली एक. आययूसीएन या संस्थेच्या तज्ज्ञगटानं केलेल्या, जगातल्या १०० सगळ्यात उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत घाणेरी आणि जलपर्णीसोबत वेडेलियाही आहे. जांभळ्या फुलांची, उंच सडसडीत रुएलिया म्हणजे मेक्सिकन पिटुनिया ही दुसरी. तिच्या शेंगा पाणी लागताच फुटतात आणि बी लांब उडतं.

पण यावरून "परदेशी वाईट, देशी चांगलं" असा निष्कर्ष काढू नका. त्याच यादीत आपल्या हिमालयातली एक वनस्पतीही आहे. आपल्या सोनटक्क्याची ही पिवळी बहीण, हेडिकियम गार्डनेरियानम. शोभेसाठी ती हवाई बेटांवर आणि न्यूझीलंडमध्ये नेली गेली आणि तिथल्या जंगलांत पसरून बसली. खुद्द सोनटक्काही हवाई आणि ब्राझीलमध्ये उपद्रवी ठरला आहे. म्हणजे प्रश्न झाडाच्या गावाचा नाही. नव्या जागी ते स्वतःहून किती पसरतं, आणि त्याला आवरणारं तिथे कोणी आहे का, हा खरा प्रश्न आहे.

तपासायची खूण सोपी आहे. "हे कुठेही येतं, कापलं तरी येतं, फेकलं तरी येतं" असं कौतुकानं सांगितलं जात असेल तर सावध व्हा. असं झाड बंद कुंडीत ठेवा, सुकलेली फुलं बी धरण्याआधी खुडा, आणि छाटलेला पाला ओढ्यात, नदीत किंवा मोकळ्या प्लॉटवर टाकू नका. शेत, जंगल किंवा पाणवठ्याजवळ घर असेल तर अशी झाडं न लावलेलीच बरी.

वेगळी, पण आपल्याकडे टिकणारी सहा झाडं

भुईचाफा. केम्फेरिया रोटुंडा. हळदीच्याच कुळातला. याची गंमत अशी की आधी फूल येतं आणि मग पान. एप्रिल-मेमध्ये रिकाम्या दिसणाऱ्या मातीतून पांढरी-जांभळी सुवासिक फुलं थेट वर येतात. पावसाळ्यात नक्षीदार पानं येतात आणि हिवाळ्यात ती वाळतात. अवघड काळ तो झोपून काढतो. अर्धवट सावली आणि पाण्याचा चांगला निचरा एवढंच त्याला हवं. हिवाळ्यात पाणी जवळजवळ बंद ठेवा.

रानहळद. कुर्कुमा स्यूडोमोंटाना. पावसाळ्यात सह्याद्रीच्या पठारांवर दिसणारी. पिवळी फुलं आणि त्यांच्या डोक्यावर गुलाबी-जांभळा तुरा. बाजारात थायलंडकडची "सियाम ट्यूलिप" महाग मिळते. रानहळद तिच्याच कुटुंबातली आणि आपल्या पावसाला सरावलेली. ऑक्टोबरनंतर पानं वाळली की कंद कुंडीतच कोरडे राहू द्या.

सोनटक्का. हेडिकियम कोरोनारियम. संध्याकाळी दरवळणारी पांढरी फुलं. कोकणात न्हाणीच्या पाण्याजवळ कर्दळ, केळ आणि सोनटक्का लावायची जुनी पद्धत आहे, कारण त्याला सतत ओल लागते. त्यामुळे उन्हाळा हा त्याचा अवघड काळ. एसीचं पाणी ठिबकतं ती जागा किंवा गळका नळ यांच्या शेजारी तो खूश राहतो. पाण्याची टंचाई असलेल्या गावात मात्र तो घेऊ नका.

कोरांटी. बार्लेरिया. पिवळ्या फुलांची काटेरी आणि निळ्या-जांभळ्या फुलांची बिनकाट्याची, अशा वेगवेगळ्या जाती आहेत. आजीच्या परसात असायची, म्हणून आपण तिला जुनाट समजतो. पण दिवाळीच्या सुमारास, पावसाळी फुलं संपत आल्यावर ती फुलते आणि कमी पाण्यावर उन्हाळा काढते. पश्चिमेच्या तापलेल्या बाल्कनीसाठी तिच्याइतकी समजूतदार झाडं थोडीच. फुलून झाल्यावर छाटणी करा.

धायटी. वुडफोर्डिया फ्रुटिकोसा. अंगण किंवा फार्महाऊस असेल तरच. डोंगरउतारावरचं हे झुडूप फेब्रुवारी ते एप्रिल या कोरड्या काळात लाल नळीसारख्या फुलांनी भरतं आणि शिंजीर पक्षी त्यावर गर्दी करतात. इतर झाडांचा जो अवघड काळ, तो हिचा सण. फांद्या बऱ्याच पसरतात, त्यामुळे चारी बाजूंना चार-पाच फूट जागा सोडा.

कळलावी. ग्लोरिओसा सुपर्बा. पावसाळी वेल. पानांच्या टोकांनी आधार धरून चढते. फुलाच्या पाकळ्या ज्वाळेसारख्या, आधी हिरवट-पिवळ्या आणि मग लाल होत जाणाऱ्या. तमिळनाडूचं हे राज्यफूल आहे. घरात लावली तर भांडणं लागतात असा काही ठिकाणी समज आहे. त्याचं सोडा, पण तिचा खरा धोका विषाचा आहे. सगळीच वनस्पती विषारी, आणि कंदात कोल्चिसिन हे विष असतं. ते पोटात गेलं तर जीव जाऊ शकतो. रताळी, सुरण किंवा हळदीच्या कुंड्यांजवळ ती कधीही लावू नका, आणि घरात लहान मूल किंवा कुत्रा-मांजर असेल तर लावूच नका.

विषाचा मुद्दा फक्त कळलावीपुरता नाही. कण्हेर, पिवळी कण्हेर, अडेनियम, डिफेनबाकिया ही नेहमीची झाडंही विषारी आहेत. फुलपाखरांसाठी लावतात ती हळदीकुंकू ही वनस्पतीसुद्धा. तिचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते. नवीन झाड घेताना हा प्रश्न विचारायला लाजू नका. विक्रेत्याला माहीत नसेल तर हातमोजे घालूनच छाटणी करा आणि कुंडी मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

जंगलातून आणू नका

देशी झाडांची नावं वाचून काहींना पुढच्या ट्रेकला पिशवी घेऊन जावंसं वाटेल. कृपा करून हे करू नका. कासचं पठार पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथली अनेक झाडं उथळ मातीच्या पातळ थरात वाढतात. कंदीलपुष्पांच्या काही जाती तर मोजक्याच डोंगरांवर उरल्या आहेत. दहा जणांनी एकेक कंद उपटला तरी एखाद्या जागेवरून ती जात कायमची जाऊ शकते. शिवाय त्या कड्यावर तिला जी माती आणि हवा मिळते, ती आपल्या कुंडीत मिळत नाही, आणि बहुतेक वेळा ती मरतेच. अभयारण्यातून किंवा राखीव जंगलातून झाडं उपटून आणणं हा गुन्हाही आहे.

मग मिळवायची कुठून? देशी झाडांची रोपं तयार करणाऱ्या नर्सऱ्या आहेत, कृषी विद्यापीठांच्या आणि वनविभागाच्या रोपवाटिका आहेत, बागप्रेमींचे बी-कंद अदलाबदलीचे गट आहेत. विकत घेताना "हे तुम्ही वाढवलंय की रानातून आणलंय?" असं स्पष्ट विचारा. गावाकडच्या नातेवाइकांच्या परसातला सोनटक्का किंवा कोरांटी तर एका फोनवर मिळते.

नर्सरीत विचारायचे सहा प्रश्न

१. याचं पूर्ण नाव काय? "लिली" किंवा "चाफा" या एका नावाखाली वेगवेगळी झाडं विकली जातात. पूर्ण नाव कळलं की बाकी माहिती घरी शोधता येते.

२. हे रोप इथे किती दिवसांपासून आहे? आंध्र प्रदेशातल्या गोदावरीकाठच्या कडियममधून देशभर रोपं जातात. तिथली हवा दमट आहे. काल ट्रकमधून उतरलेलं रोप आज पुण्याच्या कोरड्या हवेत नेलं तर ते दचकणारच. नर्सरीत महिनाभर राहून नवी पानं फुटलेलं रोप घ्या.

३. मे महिन्यात आणि जुलैमध्ये याचं काय होतं? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. "झोपतं" हे चांगलं उत्तर आहे. "काही होत नाही, बिनधास्त न्या" हे उत्तर नव्हे.

४. पूर्ण वाढल्यावर किती मोठं होतं? काळ्या पिशवीतलं वीतभर रोप दोन वर्षांनी खिडकी झाकू शकतं.

५. हे वाढतं कसं? कंदानं, फुटव्यांनी की बी उडून? यावरून ते आवरता येईल का, ते कळतं.

६. विषारी आहे का?

उत्तरं ऐकताना रोपाकडेही बघा. फुलांनी भरलेल्या रोपापेक्षा कळ्या असलेलं किंवा बुडातून नवे कोंब फुटलेलं रोप जास्त चांगलं. पिशवीच्या खालून मुळांचा गुंता बाहेर आलेला असेल तर रोप फार दिवस अडकून पडलेलं आहे. कंद घेताना बोटानं दाबून पाहा. घट्ट आणि जड हवा, मऊ पडलेला नको.

पहिलं वर्ष ओळखीचं

कंद लावायचे तर एप्रिल-मेच्या शेवटापर्यंत, पहिल्या पावसाआधी. कोरांटी-धायटीसारखी झुडपं जून-जुलैमध्ये, पाऊस नीट लागल्यावर. ऐन उन्हाळ्यात फुललेलं रोप आणायचा मोह टाळा, तेव्हा त्याला नवी मुळं धरायला सवडच मिळत नाही.

आणल्या दिवशी कुंडी बदलू नका. आठ-दहा दिवस सावलीत ठेवा आणि मग हळूहळू उन्हात सरकवा. कंदांसाठी माती मोकळी हवी. माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि जाड वाळू असं मिश्रण करा. कुंडीचं भोक मोकळं आहे ना, ते पावसाळ्याआधी एकदा काडी घालून तपासा. आपल्याकडे तहानेनं मरतात तितकीच झाडं साचलेल्या पाण्यानं मरतात.

एका वर्षी एकच नवीन झाड आणा, पण शक्य असेल तर त्याची दोन रोपं घ्या. एक एका कोपऱ्यात, दुसरं दुसऱ्या. वर्षभरात कोणत्या जागी ते खूश आहे ते झाडच सांगेल. कधी पान गळलं, कधी कोंब आला, कधी फूल आलं, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तीच पानं गळताना बघून तुम्ही घाबरणार नाही.

नवीन झाडाची हौस जरूर करा. फक्त ते घरी आणताना एक पूर्ण वर्ष डोळ्यांसमोर आणा. त्याच्या फुलाचा महिना दुकानदार दाखवतोच. बाकीचे अकरा आपण विचारायचे असतात.

तुमच्या घरी असं एखादं वेगळं बहुवार्षिक झाड आहे का, जे दरवर्षी झोपतं आणि परत उठतं? तुमच्या गावाचं नाव आणि त्या झाडाचा अवघड महिना कमेंटमध्ये नक्की लिहा. त्याच गावात राहणाऱ्या दुसऱ्या कोणाची तरी एक कुंडी त्यामुळे वाचेल.